मोजलं व्हतं का कुनी?

सुदाम,

तुझ्या दहाव्याला कावळ्यानं पाऊण तास घेतला. पाऊण तास, लेका! इंद्रायणीच्या घाटावर अर्धी कुरुळी उन्हात उभी. पिंडाशेजारी तुझ्या आवडीचं सगळं मांडलेलं, कांदाभजी, गुळाचा चहा, तंबाखूची पुडीसुद्धा. समोरच्या भिंतीवर सात-आठ कावळे बसलेले आणि एकही खाली उतरायला तयार नाही. मग हळूहळू सगळ्यांचे डोळे माझ्याकडं वळायला लागले. का वळले, ते तुला सांगायला नको. तू तिथं असतास तर सगळ्यात आधी तूच माझ्याकडं बोट दाखवलं असतंस.

त्याआधी श्रद्धांजलीची भाषणं झाली. तुला त्या भाषणांचा किती वैताग! कुणाच्याही दहाव्याला गेलो की माझ्या कानाशी लागून मोजायचास, आतापर्यंत किती वेळा ‘पोकळी निर्माण झाली’ ते. तुझ्या वेळी चारदा झाली. मी एकट्यानंच मोजलं. मग कुणीतरी म्हणालं, अरुणरावांनी दोन शब्द बोलावेत, बावीस वर्षं एका कंपनीत काढलीत दोघांनी. माईक हातात आला आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मी, जो तुझ्याशी बोलताना कधी श्वास घ्यायला थांबलो नाही! मुकाट्यानं माईक परत दिला. त्याला सहा दिवस झाले. तिथं बोललो नाही ते इथं लिहितोय, आणि तू मधे बोलू शकत नाहीस याचा मला अजिबात आनंद नाही.

तू गेलास तो बूट घालता घालता. फर्स्ट शिफ्ट होती. मी कुरुळी फाट्यावर गाडी लावून तुला दोनदा फोन केला. मनात म्हटलं, बसला असणार हा नवीन व्हिडिओ बघत. तिसऱ्यांदा तुझ्या पोरानं, महेशनं उचलला. त्या दिवसाचं याच्यापुढं मी काही लिहीत नाही.

आपलं दोघांचं खातं एकच, क्वालिटी. लोकांना नाव ऐकून काहीतरी मोठं वाटतं. मशीनवर तयार झालेला पार्ट हातात घ्यायचा, मोजायचा, बरोबर असला तर कागदावर आकडा लिहून सही ठोकायची, चुकला असला तर लाल खोक्यात टाकायचा. झालं. एक मोजणार, दुसरा खाली सही करणार, म्हणजे दोघांनी बघितलं असं होतं. मी धाराशिवकडून डिप्लोमा घेऊन आलेला, मोशीत खोली करून राहिलेला. तू कुरुळीचा, निम्मं रान रस्त्यात आणि निम्मं कंपन्यांत गेलेला. आपली कॅन्टीन जिथं आहे तिथं तुझ्या आज्याचा हरभरा असायचा, हे तू दर नव्या माणसाला सांगायचास. पहिल्या आठवड्यात माझं मायक्रोमीटर धरणं बघून म्हणालास, “अय सायंटिस्ट, त्याला एवढं आवळू नगंस. मोजायचंय, गळा न्हाई दाबायचा.” तेव्हापासून मी सायंटिस्ट. माझ्या घरीसुद्धा फोन करून विचारायचास, सायंटिस्ट हाय का?

गेली नऊ वर्षं दर सकाळी फाट्यावर तुझं एकच वाक्य. मागं बसायच्या आधी माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणायचास, “काय सायंटिस्ट, गेला का न्हाई मानूस चंद्रावर?” आणि मी, पोटात चहासुद्धा धड उतरलेला नाही, लगेच पेटायचो. कधीकधी समोर चाकणच्या बाजूला तोच चंद्र फिकट पांढरा दिसत असायचा आणि आपण त्याच्याच नावानं ओरडत चाललेलो. नाशिक रोडच्या ट्रॅफिकला सगळं जग शिव्या घालतं. मी कधी घातल्या नाहीत. ट्रॅफिक नसता तर आपला एकही वाद मुद्द्यापर्यंत पोचला नसता. शेजारच्या गाडीवाल्यांनी काच खाली करून भाग घेतलेला आहे, आठवतंय ना? एका टेम्पोवाल्यानं तुझी बाजू घेतली तर दिवसभर छाती फुगवून फिरत होतास, जणू निवडणूक जिंकलास.

तुझे मुद्दे मला पाठ आहेत. वारं नाही तर झेंडा हलला कसा? आभाळात एकही चांदणी का नाही? सावल्या एका दिशेला का नाहीत? मी सांगायचो, अरे बाबा, झेंड्याच्या वरच्या कडेला आडवी दांडी होती, आणि वारं नाही म्हणूनच एकदा हललेला झेंडा लवकर थांबला नाही. भर उन्हात फोटो काढला तर चांदण्या उमटत नाहीत. तिथं आरसे ठेवलेत, इथून प्रकाश सोडला की त्यावर आपटून परत येतो, अजून मोजतात लोक. तू सगळं शांतपणे ऐकून घ्यायचास. मग मागून यायचा तो प्रश्न. “ते ठीक हाय रं. पन तू मोजलंस का? मोजलं व्हतं का कुनी?”

एक मात्र कबूल करतो. तू बेइमानीनं कधी भांडला नाहीस. एका गुरुवारी, आपल्या साप्ताहिक सुट्टीला, मी तुझ्या गच्चीवर वाळूचा ढीग उंचसखल पसरला, दोन खिळे रोवले आणि म्हटलं, बघ, सूर्य एकच आहे ना? सावल्या बघ आता. तू उकिडवा बसून कोनमापकानं तीन-तीनदा मोजलंस. शालन वहिनी खालून ओरडत होत्या की ती वाळू बाथरूमच्या प्लास्टरसाठी आणलीये. सावल्यांत चांगला अकरा अंशांचा फरक निघाला. तू गुडघे धरून उठलास आणि म्हणालास, “हा मुद्दा मी सोडला.” बस, एवढंच. ना तोंड वाकडं, ना कुरबुर. दुसऱ्या दिवशी फाट्यावर म्हणालास, “सावल्यांचं मिटलं. झेंड्याचं बोल.” मी नऊ वर्षांत एकही मुद्दा सोडला नाही, सुदाम. आपल्या दोघांत शिकलेला मी होतो म्हणे.

बाकीचे जे असलं बोलतात ते फोनवर बघून बोलतात. तुझं तसं नव्हतं. तुझा चंद्र आपल्या कंपनीतूनच निघाला होता. दरवर्षी गिऱ्हाइकाचं ऑडिट यायचं म्हटलं की आपल्याकडं काय गोंधळ उडायचा! जमिनीवर पिवळे पट्टे मारायचे, मोशीच्या नर्सरीतून कुंड्या भाड्यानं आणायच्या, जे सामान कुठंच बसत नाही ते टेम्पोत भरायचं आणि तो टेम्पो साहेब लोक जाईपर्यंत तळेगावच्या रस्त्याला फिरवत ठेवायचा. आणि चार जण एका खोलीत बसून राहिलेले सगळे कागद भरून काढणार. तू त्या खोलीत कधी बसला नाहीस. साहेबांनी सांगितलं तरी कान खाजवत निघून जायचास. पण बघितलं सगळं होतंस.

“अरं, चार मान्सं दोन दिसांत सा म्हैन्याचे रिपोर्ट भरत्यात,” तू म्हणायचास. “त्या लोकांकडं तर मान्सं किती, सामान किती! त्यास्नी एक चंद्र भरता येनार न्हाई व्हय?”

मी हसायचो. आता खरं सांगू? या एका मुद्द्याला माझ्याकडं कधीच उत्तर नव्हतं.

आणि तुझं ते दुसरं वाक्य, जे मी नव्या पोरांना माझं म्हणून सांगत आलो. खरा आकडा वाकडातिकडा असतो. सगळे आकडे गुण्यागोविंदानं नांदायला लागले की समजावं, टेबलावर बसून भरलेत.

आपलं यान चंद्रावर उतरलं ती संध्याकाळ आठवते? कॅन्टीनच्या टीव्हीपुढं सगळी कंपनी जमलेली, साहेब आणि हेल्पर खांद्याला खांदा लावून. मी पुढं, नखं खात. तू सगळ्यात मागं, हाताची घडी घालून, खाष्ट सासऱ्यासारखा. यान उतरलं आणि एकच गलका झाला. मी वळून बघतो तर तू टाळ्या वाजवत होतास. डोळे ओले होते. नाही म्हणू नकोस, मी बघितलेत! लोकांना ओलांडत तुझ्यापर्यंत आलो आणि म्हटलं, झालं ना समाधान? पेढा तोंडात टाकून म्हणालास, “चित्र झ्याक काढलंय.” तुझ्या कानाखाली वाजवावी असं वाटलं मला, शपथ. मग गाडीपाशी आल्यावर तू आपणहून म्हणालास, “त्या खोलीत साड्या नेसून बसल्या व्हत्या ना बाया, कानात गजरा-बिजरा घालून, त्यांच्यासाठी वाजवल्या टाळ्या. त्यांची तोंडं बघितलीस का? त्यांनी मोजलंय, अरुण. न मोजलेल्या मान्साचं त्वांड तसं न्हाई दिसत.” मी म्हटलं, म्हणजे मान्य? तू हेल्मेट घातलंस आणि आतून म्हणालास, “मोजलंय म्हनलो. उतरलं म्हनलो न्हाई.”

गजरा कानात नाही, केसांत घालतात, हे तेव्हा सांगायचं राहून गेलं. आणखी एक राहून गेलं, आणि त्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

नऊ वर्षांपूर्वीचा तो बुधवार. चाळीस हाउसिंग होती, ॲल्युमिनियमची, तळहातावर मावणारी पोकळ कवचं, आणि प्रत्येकाच्या मधल्या भोकाचा व्यास मोजायचा होता. शुक्रवारी सकाळी माल जाणार, गुरुवारी सुट्टी, म्हणजे रिपोर्ट बुधवारी संध्याकाळच्या आत हवा. माझ्या लेकीचं शाळेत गॅदरिंग होतं, सहाला. घरात कुणी आजारी-बिजारी असतं तर आज सांगायला सोपं गेलं असतं. तसं काही नव्हतं. कंटाळा आला होता आणि उशीर होत होता, एवढंच. पहिली सहा मोजली, बरोबर निघाली. उरलेल्या चौतीसांचे आकडे मी कॅन्टीनच्या टेबलावर चहा पीत पीत मनानं लिहिले. थोडे वर, थोडे खाली, दिसायला खरे वाटतील असे.

कागद तुझ्यापुढं ठेवला. तू खालपर्यंत वाचलास.

“मोजलंस?”

“हो.”

“समदे?”

“सगळे.”

तू माझ्याकडं बघितलंस, परत कागदाकडं बघितलंस, आणि सही केलीस. मी गॅदरिंगला वेळेत पोचलो. लेक झाड झाली होती. तिला एकही वाक्य नव्हतं.

शुक्रवारी सकाळी फाट्यावर तू मागं बसलास आणि चाकणचा चौक दिसायला लागल्यावर म्हणालास, “अरुण, मानूस चंद्रावर गेला व्हता म्हनत्यात. ते कुनी मोजलं व्हतं का?” मला वाटलं, हा कायतरी व्हिडिओ बघून आला. अरे, महेशच्या शाळेच्या प्रोजेक्टला थर्माकोलचा चंद्र कुणी बनवला होता? तूच ना? त्याला सोल्डरिंगच्या गननं खड्डे पाडून, वर काडेपेटीतल्या काडीचा झेंडा रोवून, आख्ख्या कंपनीला दाखवत फिरला होतास. त्या माणसाला अचानक चंद्र खोटा कसा वाटायला लागला, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी लागलो झेंड्याची दांडी समजावून सांगायला.

मला कळायला दोन-तीन वर्षं गेली. तो कागद वाचतानाच तुला संशय आला असणार. तू चंद्राचं विचारतच नव्हतास. तुझ्या माहितीतला सगळ्यात काटेकोर माणूस मी. तोच टेबलावर बसून आकडे भरतो आणि तोंडावर ‘सगळे’ म्हणतो, मग पृथ्वीवर कुणाचं काय खरं मानायचं तू? तू दर सकाळी मला सांगायची संधी देत होतास आणि मी दर सकाळी चंद्रावर पळून जात होतो. कळल्यावरही सहा वर्षं पळालो. सांगणार होतो रे. दिवाळीनंतर सांगू, ऑडिट झाल्यावर सांगू, रिटायर झाल्यावर तुझ्या गच्चीवर बसून सांगू. गच्ची आहे तिथंच. वाळूसुद्धा थोडी उरली आहे कोपऱ्यात.

तर घाट. पाऊण तास. आधी घरच्यांनी आपापली वचनं दिली. महेश म्हणाला, आईला अंतर देणार नाही. तुझे थोरले बंधू अण्णा म्हणाले, बांधाचं भांडण मी मिटवतो. कावळे ढिम्म. मग अण्णांनीच माझ्याकडं बघून आवाज दिला, “अरं, त्याची इच्छा काय राहिली ते आख्ख्या गावाला ठाव हाय. अरुणराव, म्हना की एकदा, न्हाई गेला मानूस चंद्रावर म्हनून. त्या चंद्राला काय वाईट वाटनार हाय?”

लोक हसले. तुझ्या दहाव्याला लोक हसले, बरं का. मग शालन वहिनी पुढं आल्या. त्या हसत नव्हत्या. मला म्हणाल्या, “भावजी, हात जोडते. एक वाक्य म्हना. काय जातंय तुमचं? त्ये तरी सुटतील.”

तुला ठाऊक आहे, मी कावळ्या-बिवळ्यांना मानत नाही. मला ते वाक्य बोलायला काही अडचण नव्हती. दोन सेकंदांचं काम, वहिनींचा जीव शांत झाला असता. पण ओठापर्यंत आलं आणि मला ते कॅन्टीनचं टेबल दिसलं. परत तेच? तुझ्यापुढं उभं राहून, वेळ वाचवायला, परत एक खोटा आकडा? मी म्हटलं, “वहिनी, मला जमणार नाही.” त्यांचं तोंड उतरलं. लोक कुजबुजायला लागले, काय माणूस आहे हा, मेलेल्याशी पण भांडतोय.

गुरुजींना पुढं आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. ते म्हणाले, “असं करू, दर्भाचा कावळा करू आणि लावू पिंडाला. शास्त्रात चालतं.”

आणि मी ओरडलो, सुदाम. कसं ओरडलो मलाच कळलं नाही. “नाही! दर्भाचा चालणार नाही! खरा येईपर्यंत थांबायचं!”

 गुरुजींच्या हातातला दर्भ हातातच राहिला. तूच सांग, गवताची काडी पिंडाला टेकवायची आणि कावळा शिवला म्हणायचं, याला आपल्या खात्यात काय म्हणतात? भरलेला रिपोर्ट. आणि तुझ्या शेवटच्या कागदावर भरलेला रिपोर्ट? मी असताना? अण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “थांबू, थांबू. शांत व्हा तुमी.” तेव्हा मला कळलं की मी रडतोय.

मी पिंडापाशी गेलो. चपला काढल्या. वहिनी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालो, “सुदाम, त्या चाळीसांतली मी सहाच मोजली होती. चौतीस मनानं भरली. तू विचारलंस आणि मी तुझ्याशी खोटं बोललो. चूक झाली माझी.”

नऊ वर्षं. आणि बोलायला लागलं ते अर्धं मिनिट.

शेजारून वहिनी हळूच म्हणाल्या, “त्या हाउसिंगाचं बोलताय व्हय?”

मी वळून त्यांच्याकडं बघितलं.

“ते ठाव व्हतं की त्यास्नी,” त्या म्हणाल्या. “त्या गुरवारी माझ्या भनीच्या घराची वास्तुशांत व्हती. ती सोडून ह्ये सुट्टीचं कंपनीत जाऊन बसले. लई भांडले मी. सांजचं आले नि म्हनले, समदे चाळीस मोजून आलो, दोन वाकडे निघाले, त्ये बदलून ठिवले. मी म्हनलं, त्या अरुणभावजींचं काम तुमी का करताय? तर म्हनले, सही माझी बी हाय ना खाली. आन मला म्हनले, त्याला सांगू नगंस, त्याचं त्वांड पडंल.”

त्याचं तोंड पडेल. अरे गाढवा! नऊ वर्षं मी हे पोटात घेऊन फिरलो, तुला फार तर संशय असेल असं धरून, आणि तुला सगळं माहीत होतं? सगळं निस्तरून, मोजून, दोन बदलून, बायकोच्या शिव्या खाऊन, शुक्रवारी सकाळी फाट्यावर येऊन मला चंद्राचं विचारत होतास? एकदा माझी गचांडी धरून म्हणाला असतास, अरुण, लेका, दोन वाकडे होते, तर काय बिघडलं असतं? पण नाही. मीच आपणहून सांगावं अशी वाट बघितलीस. मला तुझा इतका राग आलाय, सुदाम, आणि तुझ्याइतकं प्रेम माझ्यावर घराबाहेर कुणी केलं नाही, हेही मला त्याच वेळी कळलं.

आम्ही दोघं पिंडापासून मागं सरकलो तेवढ्यात भिंतीवरचा एक कावळा खाली आला. दोन उड्या मारत पिंडापर्यंत गेला आणि चोच मारून भज्याचा तुकडा घेऊन उडाला. “शिवला, शिवला!” म्हणून सगळ्यांनी हात जोडले. अण्णा मोठ्यानं म्हणाले, “म्हनला बघा शेवटी!”  माझं स्पष्ट मत आहे की मी ओरडल्यावर लोक मागं सरकले, जागा मोकळी झाली, म्हणून कावळा उतरला. आणि एका रीडिंगवरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे तूच शिकवलंस. वहिनींना मात्र मी हे सांगितलेलं नाही.

परिणाम असा झालाय की आख्ख्या कुरुळीत बातमी आहे, सुदामनं मेल्यावर का होईना, सायंटिस्टला हरवलं. काल फाट्यावरच्या चहावाल्यानं विचारलं, “मग न्हाई ना गेला मानूस?” मी म्हटलं, चहा दे.

साहेबांना मी त्या चाळीसांचं सांगितलं. ते म्हणाले, तो कागद कधीच रद्दीत गेला, आता कशाला उकरताय? पण मी आपल्या खात्यातल्या चौघांनाही सांगितलं. सहा मोजलेली, चौतीस भरलेली, दोन वाकडी, आणि ती कुणी शोधली तेही. कुणी हसलं नाही. आज सकाळी पन्नास पार्टांचा लॉट होता. पन्नासही मोजले. आकडे असे वाकडेतिकडे आलेत की तू बघून खूश झाला असतास. खाली तुझ्या सहीच्या जागी आता दुसऱ्या कुणाची तरी येईल. मी तिथं बोट ठेवून थोडा वेळ बसलो.

आता तुझा तो मुद्दा. चार माणसं दोन दिवसांत सहा महिन्यांचे रिपोर्ट भरतात, तर त्यांना चंद्र भरता येणार नाही का? मी म्हटलं ना, माझ्याकडं उत्तर नव्हतं. आता आहे, आणि ऐकायला तू नाहीस. तिथंही माझ्यासारखे असतीलच की, कंटाळलेले, घरी जायची घाई असलेले, टेबलावर बसून आकडे भरणारे. पण त्यांच्यामागं सुट्टीच्या दिवशी गुपचूप जाऊन सगळं परत मोजणारा एखादा सुदामही असणार. तसा माणूस नसता तर आपली चाळीस हाउसिंगसुद्धा धड गेली नसती.

म्हणून सांगतो, गेला होता माणूस चंद्रावर. तू मोजलं होतंस, म्हणून मी मानतो.

तुझा,
अरुण